चाकं जमिनीवर

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक वैमानिक राहतो. त्याच्या घराच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. कागदावर ठसठशीत अक्षरात चार शब्द आहेत : गॅस, नळ, खिडकी, किल्ली. सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचे असले की तो दारात उभा राहून हे शब्द एकेक करून वाचतो आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे असते. मी तळमजल्यावर राहते. जिना अरुंद असल्यामुळे वरचा शब्द न शब्द माझ्यापर्यंत उतरतो.

"गॅस?"

"बंद!"

"जिन्यातून नको. ओट्याजवळ जाऊन सांग."

"अहो, बंद आहे म्हटलं ना! मीच केलाय."

"केलास हे खरं. आत्ता बंद आहे का, ते विचारतोय."

मग चपला फटफटत परत आत गेल्याचा आवाज, आणि आतून वैतागलेला "बं-द!"

सुरुवातीला इमारतीतले लोक या प्रकाराला हसत. मग एकदा त्याच्या बायकोने जिन्यातूनच "बंद" म्हटले, तो परगावी असल्यामुळे तिला परत पाठवणारे कोणी नव्हते, आणि दोन तासांनी दुधाच्या पातेल्याचा कोळसा झाला. तीन मजल्यांवर आठवडाभर तो वास होता. त्यानंतर हसणे कमी झाले. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने तर आपल्याही दाराला एक कागद लावला. त्यावर एकच शब्द आहे : चष्मा.

वैमानिकाला सगळे कप्तान म्हणतात. मीही तेच म्हणते, पण अरेतुरे करते, कारण पाचवी ते सातवी मी त्याला गणित शिकवले आहे. विद्यार्थी म्हणून तो मधला होता, आणि मधल्या बाकावरच बसायचा. त्याची एकच गोष्ट माझ्या लक्षात राहिली होती. मी फळ्यावर मुद्दाम "सात आठे चोपन्न" लिहायची आणि मुलांना वाचायला सांगायची. सगळा वर्ग एका सुरात "सात आठे छप्पन्न" म्हणायचा. तोंडाला सवय पडली की डोळे सुट्टीवर जातात, एवढेच मला दाखवायचे असे. मी म्हणायची, "पाठ म्हणू नका, बघून सांगा." पहिल्यांदा हा खेळ केला तेव्हा सगळे हसले, आणि हा मात्र चांगलाच घाबरलेला दिसला. घंटा झाल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, मी खरंच चोपन्न पाहिलं आणि छप्पन्न वाचलं. असं कसं झालं?" अकरा वर्षांच्या मुलाने अशा गोष्टीने घाबरावे हे मला नवलाचे वाटले होते.

आता तो पंचावन्नचा आहे. डोक्यावर केस बेताचे, पोट त्याहून थोडे जास्त. दोन पंख्यांचे, सत्तर माणसांचे विमान चालवतो. लांब देशांना जाणारी मोठी विमाने नव्हेत. सकाळी चार गावे, संध्याकाळी तीच चार गावे उलट्या क्रमाने. "मी बसचाच ड्रायव्हर आहे बाई," तो म्हणतो, "फक्त कुणी हात दाखवला तर थांबता येत नाही." नव्या वैमानिकांना शेजारी बसवून शिकवण्याचे कामही कंपनीने त्याला दिले आहे, आणि त्याचा त्याला पगारापेक्षा जास्त अभिमान आहे. गणवेशाचे शर्ट स्वतः इस्त्री करतो. वाढदिवस ज्या तारखेला असतील त्या तारखेला त्याच्या घरी क्वचितच होतात. तो घरी असेल तो दिवस वाढदिवसाचा. त्याच्या मुलीला सातव्या वर्षापर्यंत वाटत होते की वाढदिवस दर वर्षी बाबा ठरवतात.

या मुलीला घरात बुटकी म्हणतात. जन्मली तेव्हा हातभर होती म्हणून नाव पडले. आता बापाच्या कानापर्यंत आली आहे, तरी नाव तेच. कप्तानाच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते, म्हणून मीही इथे तेच लिहिते. वहिनी एका मोठ्या दवाखान्यात औषधे देण्याच्या खिडकीमागे काम करतात. बारीक चणीच्या आणि नेमक्या बोलण्याच्या आहेत. कप्तान आभाळात कुणाचा कप्तान असेल तो असो. घरात कप्तान कोण, हे सांगायला त्याच्या दारावरच्या कागदाची गरज नाही.

या दोघांचा एक रिवाज आहे, लग्नापासूनचा. दिवसातले शेवटचे उड्डाण संपले की तो घरी फोन करतो आणि दोन शब्द बोलतो, "चाकं जमिनीवर." त्यावर वहिनी म्हणतात, "दार उघडं आहे." मग फोन ठेवायचा. भांडण असले तरी एवढे बोलायचेच. एकदा दोघांत चार दिवस अबोला होता, तेव्हाही फोन चुकला नाही. "चाकं जमिनीवर." "दार उघडं आहे." आणि घरी आल्यावर पुन्हा दोघांची तोंडे दोन भिंतींकडे.

बावीस वर्षे वहिनींचा एक कान त्या फोनकडे लागलेला आहे. म्हणूनच बुटकीने बारावीनंतर विमान शिकायचे ठरवले, तेव्हा त्यांनी एका वाक्यात विषय मिटवायला पाहिला. "मला देवानं दोन कान दिलेत. एक घराकडे, एक तुझ्या बाबांकडे. तिसरा मी कुठून आणू?"

बुटकी म्हणाली, "आई, मग घराकडचा काढून माझ्याकडे लाव. घर कुठं जातंय?"

"घर नाही जात, दूध जातं."

प्रवेशाचा अर्ज स्वयंपाकघरात शीतपेटीच्या दारावर लोहचुंबकाने लावलेला होता. बुटकी सतरा वर्षांची, त्यामुळे आईवडील दोघांच्या सह्या लागणार होत्या. सोमवार शेवटचा दिवस. प्रवेशपरीक्षेत मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली होती, डोळे-कान तपासून झाले होते, आता फक्त दोन रेघा कोऱ्या होत्या. कप्तानाने आपली सही अजून केली नव्हती. बुटकी त्याच्या मागे लागली, "बाबा, तुम्ही तरी करा ना. निदान आईला सांगा, की धोका नसतो म्हणून."

"धोका असतो," कप्तान म्हणाला. "खोटं कसं सांगू?"

"झालं!" बुटकीने कपाळावर हात मारला. "सगळ्यांचे बाबा खोटं बोलतात. माझेच कसे असले!"

खरे सांगायचे तर मुलीने आपल्या मागून यावे ही त्याची मनापासूनची इच्छा होती. त्याने ती मला सोडून कुणालाही सांगितली नव्हती. मला सांगितली तीही आडून. एकदा पहाटे चारला तो कामावर निघाला असताना मी दुधासाठी दार उघडले होते, तेव्हा जिन्यात उभा राहून म्हणाला, "बाई, ढगांच्या वर आल्यावर पहिलं ऊन डाव्या खिडकीतून येतं आणि आधी माझ्या मनगटावर पडतं. इतकी वर्षं झाली, दर वेळी वाटतं, कुणाला तरी दाखवावं. शेजारी बसलेल्याला काय दाखवणार? तो स्वतःचं बघत असतो." मग घड्याळ बघितले आणि निघून गेला. त्या "कुणाला तरी"मध्ये कोण होते ते कळायला मला गणित येण्याची गरज नव्हती.

आणि त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी ती गोष्ट झाली.

दुपारी चारच्या सुमारास माझी घंटा वाजली. दारात कप्तान, गणवेशातच, टोपी काखेत. घरी फोन करून झाला होता, पण तिसऱ्या मजल्यावर न जाता तो माझ्याकडे आला होता. मी चहा ठेवला. बशीतली बिस्किटे त्याने एकामागून एक संपवली, आणि ती कसली होती हे त्याला विचारले असते तर सांगता आले नसते.

"बाई," तो म्हणाला, "आज मी छप्पन्न म्हणालो."

मला क्षणभर उमगले नाही. मग त्याने सगळे सांगितले, आणि मला समजेल अशा शब्दांत सांगितले. विमान उतरायला लागले की ठरलेल्या ठिकाणी कप्तान सांगतो, "चाकं खाली." शेजारचा सहवैमानिक दांडा खाली ओढतो, चाके बाहेर येतात, आणि तीन हिरवे दिवे लागतात, प्रत्येक चाकाचा एक. मग सहवैमानिक कागदावरची यादी मोठ्याने वाचतो आणि कप्तान दिव्यांकडे बघून उत्तर देतो. दारावरच्या त्या कागदाचे मूळ इथे आहे. त्या दुपारी हवा स्वच्छ होती, वारा नव्हता, धावपट्टी समोर आरशासारखी दिसत होती. नेमके चाके सांगण्याच्या वेळी खालच्या टॉवरमधून बोलणे आले, की पुढे एक लहान विमान रेंगाळतेय, वेग जरा कमी ठेवा. त्या बोलण्यात सांगायचे राहून गेले. बोलणे संपले. शेजारी बसलेल्या मुलीने यादी काढली आणि वाचले, "चाकं?"

"आणि मी म्हणालो, 'खाली, तीन हिरवे.' बाई, मी तिथं बघत होतो. माझी मान तिकडं होती. एकही दिवा लागलेला नव्हता, आणि मी तीन म्हणालो."

"मग?"

"मग ती म्हणाली, 'सर, बघून सांगा.'"

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"सहा महिने झालेत तिला कामाला लागून. माझ्यासमोर बोलताना तिचा आवाज पेन्सिलीनं लिहिल्यासारखा असतो. पण एवढं वाक्य शाईनं आलं. मी बघितलं. मग उतरायचं रद्द केलं, विमान परत वर नेलं, एक चक्कर मारून, सगळं पहिल्यापासून करून उतरवलं. बारा मिनिटं उशीर."

"आणि तिने सांगितले नसते तर?"

"जमीन जवळ आल्यावर भोंगा वाजतो. तो वाजला असता आणि तेव्हा वर गेलो असतो. कुणाला काही झालं नसतं. पण भोंग्याच्या भरवशावर विमान चालवायचं नसतं ना, बाई." मग तो पहिल्यांदाच हसला. "उतरताना एक गृहस्थ मला म्हणाले, 'काय कप्तान, गल्ली चुकलात वाटतं?' मी म्हटलं, 'हो, विचारून परत आलो.'"

लोक त्याला नेहमी विचारतात, की वर भीती वाटत नाही का. तो गमतीने म्हणतो, आमच्या जिन्यातला दिवा गेलाय त्याची जास्त वाटते. पण त्या दुपारी त्याने मला जे सांगितले ते गमतीचे नव्हते. "वादळाची भीती नाही हो वाटत. वादळ लांबून दिसतं, सगळे सावध होतात. मला भीती वाटते ती आजच्यासारख्या दुपारची. हवा छान, विमान ओळखीचं, पट्टी ओळखीची, आणि हात आपोआप चालतायत. काम हाताला इतकं येतं की आपली गरजच उरत नाही. तेव्हाच आपण तिथं नसतो."

उतरल्यावर त्या मुलीने हळूच म्हटले होते, "सर, मी कुणाला काही बोलणार नाही." वर परत जाण्याचे कारण कागदावर लिहून द्यावे लागते, आणि 'वेग जुळला नाही' एवढे तीन शब्द पुरले असते. कुणी पुढे विचारले नसते.

"मग काय म्हणालास तिला?"

"म्हटलं, तू बोलणार नाहीस, त्याचीच मला भीती आहे. मग तिच्यासमोर बसून खरं काय ते लिहिलं, आणि तिचीही सही घेतली."

तीन दिवस त्याला उड्डाणावरून काढले होते. नंतर जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये पुन्हा परीक्षा. शिकवण्याचे काम राहील की जाईल, ते कंपनी ठरवणार. पण माझ्या खोलीत त्याला बसवून ठेवणारी गोष्ट यातली कुठलीच नव्हती.

"घरी सांगायचंय," तो म्हणाला. "आणि सोमवारी अर्जाची मुदत. आज सांगितलं की बुटकीचं विमान तिथंच उतरलं. बावीस वर्षांत मी एकदा असं केलं आणि ते नेमकं या आठवड्यात! सोमवारनंतर सांगितलं तर..."

शिक्षकाने कधी गप्प बसावे हे नोकरी संपता संपता कळते. मी फक्त कपात उरलेला चहा ओतला.

"सोमवारनंतर सांगितलं," तो स्वतःशीच म्हणाला, "तर ती म्हणेल, न बघता सही घेतलीत." त्याने टोपी उचलली. "बरोबरच म्हणेल."

तरी त्या दिवशी त्याचे धाडस झाले नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, वहिनींनी मला वर बोलावले, पण वेगळ्याच कामासाठी. "बाई, बुटकीला तुम्ही जरा समजवा. तुमचं ती ऐकते." मी गेले तर जेवणाच्या टेबलाशी तिघे बसलेले, मध्ये अर्ज. बुटकीचे डोळे सुजलेले, वहिनींचे ओठ आवळलेले, आणि कप्तान मिठाची बाटली सरळ रेषेत लावत होता. मी खुर्चीत बसायच्या आत तो बोलायला लागला. मला सांगितले होते तसेच सांगितले, न वाढवता, न कमी करता. फक्त भोंग्याचा उल्लेख केला नाही. आपली बाजू हलकी होईल असे काही त्याला सांगायचे नसावे.

बुटकी आ वासून बापाकडे बघत राहिली. मग तिने अर्जाकडे बघितले आणि तिचा चेहरा पडला. आपला बाबा मुदतीच्या तीन दिवस आधी काय करून बसला, ते तिला कळले होते.

वहिनींनी अर्ज बाजूला सरकवला. मग औषधाची चिठ्ठी वाचावी तसे एकेक विचारू लागल्या.

"किती उंचावर होतात?"

"तीनशे मीटर. थोडं वर."

"तिनं सांगितलं नसतं तर सावध करणारं दुसरं काहीच नव्हतं का?"

"भोंगा आहे."

"मग तो आधी का नाही सांगितलात? उगाच जीव टांगणीला! आणि काल फोनवर तुमचा आवाज परीक्षेला बसून आल्यासारखा होता, मी तेव्हाच ओळखलं. लिहून दिलंत?"

"दिलं."

"सगळं?"

"सगळं."

"शिकवायचं काम जाईल?"

"जाईल कदाचित."

वहिनी उठल्या, ओट्याजवळ गेल्या, नळ चालू केला, बंद केला. पाठ आमच्याकडेच होती. तशाच म्हणाल्या, "आमच्याकडे बाटली तीनदा वाचतात. फडताळातून काढताना, ओतताना, परत ठेवताना. बुटकी चार महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. रात्रभर झोप नसायची. एका म्हाताऱ्याच्या औषधाची बाटली मी काढताना वाचली, ओतताना वाचली, आणि परत ठेवताना वाचली तर ती दुसरीच बाटली. दोन्ही वेळा मी वाचलं होतं हो. मला हवं तेच वाचलं होतं. औषध खिडकीतच होतं, मी ते परत घेतलं. वहीत लिहून दिलं. पंधरा दिवस मला नुसतं लेबलं चिकटवायला बसवलं होतं."

कप्तान थक्क झाला. "मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही म्हणाला असतात, नोकरी सोड."

"मी?"

"तेव्हाचे तुम्ही. म्हणाला असतात."

कप्तानाने जरा विचार केला. "म्हणालो असतो," तो म्हणाला.

"आई, मग तू नोकरी सोडायला हवी होतीस का?" बुटकीने विचारले. पोरीने अगदी वकिलासारखा नेम धरला होता.

"तू मध्ये बोलू नकोस," वहिनी म्हणाल्या, पण ओठ आता तेवढे आवळलेले नव्हते. मग नवऱ्याकडे वळल्या. "त्या मुलीला रविवारी जेवायला बोलवा."

"कोणत्या मुलीला?"

"कोणत्या म्हणजे? जगात माझ्याशिवाय तुम्हाला दटावणारी दुसरी बाई कोण निघाली, ती मला बघायचीय."

रविवारी दुपारी ती आली. अठ्ठावीस वर्षांची, बारीक, केस घट्ट बांधलेले. बूट दाराबाहेर अगदी समांतर ठेवले. मलाही बोलावणे होतेच. वहिनींनी तिला सूप वाढले, पाव कापून दिला, आई-वडील कुठे असतात, खोलीवर स्वयंपाक कोण करते, सगळे विचारून घेतले. ती बिचारी प्रत्येक उत्तराआधी कप्तानाकडे बघायची, जणू तो यादी तपासतो आहे.

शेवटी वहिनींनी चमचा खाली ठेवला. "खरं सांग. तेव्हा भीती नाही वाटली?"

"विमानाची नाही वाटली," ती म्हणाली. "सरांची वाटली."

"मग बोललीस कशी?"

"सरांनीच बोलायला लावलं होतं ना." तिला जरा धीर आला. "पहिल्या दिवशी सर प्रत्येकाला तसं करतात. विमान जमिनीवर उभं असतं. आम्ही यादी वाचतो आणि सर मुद्दाम एक उत्तर चुकीचं देतात. आम्ही 'सर, बघून सांगा' म्हणेपर्यंत पुढं जात नाहीत. मला तर अर्धा तास लागला हो. चूक मला लगेच दिसली होती, पण एवढ्या मोठ्या माणसाला म्हणायचं कसं? सर नुसते खिडकीबाहेर बघत बसले होते. शेवटी मी म्हटलं, तर म्हणाले, 'ऐकू नाही आलं.' मग ओरडून म्हटलं. तेव्हा म्हणाले, 'आता तू माझ्याशेजारी बसायला लायक झालीस.'"

कप्तान पावाचे तुकडे गोळा करत होता. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, शाळेत शाबासकी मिळाली की व्हायच्या तशाच.

"हे मला घरी कधी सांगितलं नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"तू विचारलं नाहीस."

"मी काय विचारणार? की अहो, आज किती जणींकडून ओरडून घेतलंत?"

सगळे हसले. ती मुलगीही हसली, आणि मग आपण हसलो म्हणून दचकली.

ती गेल्यावर वहिनींनी शीतपेटीवरचा अर्ज काढला. चष्मा लावला. अर्ज हातात घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. टेबलावर ठेवून, पेनाचे टोपण काढून, पुन्हा सगळा वाचला. मग सही केली. बुटकी उडी मारणार होती, तेवढ्यात वहिनींनी हात वर केला आणि सही केलेला कागद तिसऱ्यांदा वाचला. मग तो तिच्याकडे दिला.

"तिथं चुका होतात हे मला आधीही माहीत होतं," त्या म्हणाल्या. "चुकल्यावर काय करतात ते माहीत नव्हतं. आणि हे बघ, फोनचा नियम तुलाही लागू. भांडण असलं तरी."

"आणि तिसरा कान?" कप्तानाने विचारले.

"तुमचा घेते की. तुम्ही घरात असता तेव्हा तो कुठं काही ऐकतो?"

मग कप्तानाने आपली सही केली. तो पेन नीट धरायच्या आतच बुटकीने त्याच्या गळ्यात हात टाकले, त्यामुळे ती सही थोडी तिरकी आली आहे.

कप्तानाची परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. शिकवण्याचे काम गेले नाही. कंपनीने महिनाभर थांबवले आणि परत दिले. आता पहिल्या दिवशी तो मुद्दाम चुकतो, आणि मग नव्या मुलांना त्या गुरुवारची न ठरवता झालेली चूकही सांगतो. "दुसरी चूक ऐकताना पोरं जास्त सावरून बसतात," असे तो मला म्हणाला.

बुटकी शिकायला गेली ते गाव तीन तासांवर आहे. आठ महिन्यांनी एका सकाळी तिचा एकटीने विमान उडवायचा पहिला दिवस होता. शेजारी शिक्षक नाही, कुणी नाही. कप्तान स्वतः कामावर होता. वहिनींनी रजा काढली होती आणि मला वर बोलावले होते. मी विणकाम घेऊन गेले होते. वहिनी मसाल्याच्या डब्या रिकाम्या करून, पुसून, परत भरत होत्या. फोन टेबलाच्या बरोबर मध्यावर. दहाला उड्डाण, एक चक्कर, सव्वादहाला खाली, असे बुटकीने कळवले होते.

सव्वादहा झाले. फोन गप्प. वहिनींनी मिठाच्या डबीत साखर ओतली. मी पाहिले आणि विणत राहिले. दहा वाजून सव्वीस मिनिटांनी फोन वाजला.

"आई! आई, चाकं जमिनीवर!"

मागे मुलांचा गोंधळ, टाळ्या, कुणीतरी पाणी ओतत असावे असा आवाज.

"अकरा मिनिटं उशीर आहे," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी दवाखान्यातला होता, पण दुसऱ्या हाताने त्या पुसलेलीच डबी पुन्हा पुसत होत्या. "बघून सांगतेस ना?"

"अगं आई, या लहान विमानाची चाकं कायम खालीच असतात. ती वर जातच नाहीत!"

"तरी बघून सांग."

मग धावत्या बुटांचा आवाज, आवाज थांबला, आणि धाप लागलेली बुटकी म्हणाली, "एक. दोन. तीन. तिन्ही जमिनीवर."

"दार उघडं आहे," वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवून पदराने चष्मा पुसायला लागल्या. मी उठून साखर-मिठाची डबी सिंकमध्ये रिकामी केली.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. कप्तानाचा. दिवस संपायला अजून दोन उड्डाणे होती, त्यामुळे हा फोन नियमात बसणारा नव्हता. पण पोरगी एकटी वर असताना हाही वरच होता, आणि त्याला काहीच कळायला मार्ग नव्हता.

"चाकं जमिनीवर," तो म्हणाला. पुढचे त्याला विचारता येईना.

वहिनींनी जरा ताणले. बावीस वर्षांच्या वाट बघण्याची एवढी परतफेड त्यांनी घेतली तर त्यात काही गैर नव्हते.

"दार उघडंच आहे," त्या म्हणाल्या. "आज तुमचा नंबर दुसरा."